उतारावरची गाडी

ती घटना आजही आठवते ती आधी एका वासाने आणि मग एका शब्दाने. तो शब्द म्हणजे ‘औषध’. पुढची हकिकत नीट समजावी म्हणून या शब्दाचा आमच्या भागातला अर्थ प्रथम सांगतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील कापसाच्या पट्ट्यात, मारेगावच्या बाजूला, मी तेव्हा ठाणेदार होतो. कापसाची ती वाईट वर्षे होती. पिकावर फवारायच्या विषाला तिकडे सगळेच ‘औषध’ म्हणतात. ‘कपाशीवर औषध मारलं’ हे वाक्य रोज कानावर पडे आणि ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य ठाण्यात यायला नको तितक्या वेळा येई. त्याचा अर्थ विचारण्याची गरज आमच्यापैकी कोणालाही वाटत नसे. ज्या शब्दाचा अर्थ विचारावासा वाटत नाही तोच शब्द तपासात घोटाळा करतो, हे मला या प्रकरणाने शिकवले.

त्या भागात एका सेवाभावी संस्थेचा फिरता दवाखाना होता. त्याची गाडी मोठी वेगळी होती. परदेशात लोक सुटीच्या दिवसांत कुटुंबासह ज्यात राहतात आणि हिंडतात, तसे ते चाकांवरचे लहानसे घर होते. कोणा देणगीदाराने ती वापरलेली गाडी संस्थेला दिली होती. आतला पलंग काढून तिथे तपासणीचे टेबल बसवले होते, स्वयंपाकाच्या ओट्यावर सुया आणि कापूस असे. फ्रिज मात्र मूळचाच ठेवला होता. हा फ्रिज विजेप्रमाणेच गॅसवरही चाले. भारनियमनाच्या त्या काळात ही सोय फार मोलाची होती. कापूस वेचणाऱ्या बायकांना साप चावण्याचे प्रसंग वारंवार येत, आणि त्यावरची इंजेक्शने, तसेच कुत्रा चावल्यावरची लस, याच फ्रिजमध्ये राहत असत. लोक त्या दवाखान्याला ‘फ्रिजची गाडी’ म्हणूनच ओळखत.

ही गाडी एका आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुपारी जळाली.

डॉक्टरबाई त्या वेळी बाहेर लिंबाच्या झाडाखाली रुग्ण तपासत होत्या. आत टेबलावर सलाईन लावलेली एक बाई होती. गाडीच्या मागच्या बाजूने एकाएकी जाळ उठला. ड्रायव्हर आत शिरला, त्याने त्या बाईला बाटलीसकट उचलून बाहेर आणले आणि कोणी अडवण्याच्या आत तो पुन्हा आत गेला. या वेळी त्याने इंजेक्शनांचा डबा बाहेर आणला. डबा वाचला, पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला यवतमाळच्या रुग्णालयात हलवले. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीचा सांगाडा तेवढा उभा होता.

संस्थेच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली. भारतीय दंड विधानाच्या कलम ४३५ खाली, म्हणजे आग लावून नुकसान केल्याबद्दल, गुन्हा नोंदवला गेला. तपास माझ्या हाताखालच्या तरुण फौजदाराकडे होता. काम नेटके करणारा मुलगा. त्याने घटनास्थळाचा पंचनामा इतका बारकाईने केला होता की पुढे त्याच पंचनाम्याने आम्हाला वाट दाखवली.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. बाजारातल्या पानठेल्यावर बसणारा आमचा एक खबऱ्या होता. त्याने सांगितले की तालुक्याच्या गावचा गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री घटनेच्या सकाळी हातात डबकी, म्हणजे पत्र्याचा लहान डबा, घेऊन गाडीच्या मागे गेला होता, आणि त्याच्या आधीच्या बाजारी याच मिस्त्रीने ड्रायव्हरशी भांडताना चारचौघांत म्हटले होते, “ये गाडी एक दिन जलेगी.”

हा मिस्त्री मुसलमान कारागिरांच्या जुन्या घराण्यातला होता. त्याच्या आजोबांनी जिनिंगची यंत्रे दुरुस्त केली, वडिलांनी शेतावरची ऑइल इंजिने, आणि याने मोटारी. फिरत्या दवाखान्याची गाडी सुरुवातीपासून तोच पाही. अलीकडे संस्थेने ते काम नागपूरच्या गॅरेजला द्यायचे ठरवले असल्याची कुजबुज होती. म्हणजे हेतू होता, धमकी होती, हातात डबकीही होती. त्यात बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीने फौजदाराला सांगितले की गाडी पेटण्याआधी तिला औषधाचा वास आला. फवारणीची बरीच औषधे रॉकेलसारखी भडकतात, हे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असते. फौजदाराने मिस्त्रीला अटक केली. समोर जे होते त्यावरून ती अटक चुकीची म्हणता येणार नाही. मी असतो तर मीही केली असती.

मिस्त्रीला माझ्या खोलीत आणले तेव्हा तो घाबरलेला नव्हता; रागावलेला होता, पण राग आवरून बोलत होता. मी त्याला विचारले की बाजारात काय म्हणालास ते तुझ्या तोंडाने सांग.

तो म्हणाला, “जो बोला, वही बोलता हूँ साहेब. जलेगी बोला था. जलाऊंगा नहीं बोला था.”

पोलीस खात्यात येण्यापूर्वी मी काही काळ शाळेत शिकवले आहे. जळणे आणि जाळणे यांतला फरक मी फळ्यावर अनेकदा लिहिला होता. एकात कर्ता दिसत नाही, दुसऱ्यात तो समोर येऊन उभा राहतो. कोठडीत रात्र काढून आलेल्या माणसाने त्या एका अक्षरावर इतके नेमके बोट ठेवावे, याचे मला कौतुक वाटले. कौतुक म्हणजे पुरावा नव्हे, हेही मला ठाऊक होते. मी विचारले, मग जळेल असे का म्हणालास?

त्याचे म्हणणे असे होते की ड्रायव्हरने गॅसच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवले होते. नळी बदल म्हणून तो कितीदा सांगत होता, आणि ड्रायव्हर हसण्यावारी नेत होता. शेवटी त्याने वैतागून ते वाक्य टाकले. डबकीत काय होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बॅटरीचं पानी. दूसरा क्या होगा? पेट्रोल डालके आग लगाने के लिए मैं बाजार का दिन चुनता क्या? पूरा गाव देखता है.”

फौजदार पंचनाम्याची फाइल घेऊन बाजूला उभा होता. त्याने रास्त प्रश्न विचारला: हे बॅटरीचे पाणी कोणी पाहिले? मिस्त्री म्हणाला, ड्रायव्हरने. आणि ड्रायव्हर जबाब देण्याच्या स्थितीत नाही, असे रुग्णालयाचे डॉक्टर आम्हाला रोज सांगत होते. गॅसची नळीही पूर्ण जळून गेली होती. ती आधी फुटली की आगीने फुटली, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

मिस्त्रीच्या पोलीस कोठडीची मुदत संपत आली होती. तोपर्यंत दुसरे काही निघाले नाही तर तो न्यायालयीन कोठडीत जाणार, त्याच्यावर दोषारोपपत्र दाखल होणार, आणि रुग्णांची गाडी जाळणारा म्हणून त्या पट्ट्यात त्याच्या गॅरेजची पायरी कोणी चढणार नाही, हे उघड होते. त्याचे म्हातारे वडील रोज जेवणाचा डबा घेऊन ठाण्यात येत. डबा हवालदाराकडे देत, बाकावर बसत, रिकामा डबा परत घेत आणि ‘सलाम’ म्हणून निघून जात. त्यांनी एकदाही काही विचारले नाही. विचारणाऱ्याला उत्तर देऊन मोकळे होता येते. न विचारणाऱ्याला काय सांगावे, हे अवघड.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः म्हातारीकडे गेलो. तिच्या पोत्यावर मिरच्यांचे ढीग होते. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारले, आजी, तुम्हाला वास कोणत्या औषधाचा आला? फवाऱ्याच्या?

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी मिरचीला भेंडी म्हटले.

“फवाऱ्याचं मले ओळखू येत नाही काय बापा? जलम गेला त्या वासात. हे तसं नव्हतं. हे नाकाले झोंबे, डोळ्यातून पाणी काढे. कोठ्याचं दार रातभर बंद रायलं, अन् सकाळी उघडलं, तं कसं भपकन येते? तसं.”

कोठा म्हणजे गुरांचा गोठा. मी विचारले, मग तुम्ही औषधाचा वास असे का सांगितले?

“दवाखान्याच्या गाडीतून औषधाचाच वास येईन ना, साहेब? अत्तराचा कुठून येईन?”

शेजारची लसूणवाली फिदीफिदी हसली. मी मात्र उठलो तो मनात एकच शब्द घेऊन. बंद गोठ्यात डोळ्यांना पाणी आणणारा वास म्हणजे अमोनिया. म्हातारी खरे बोलली होती. आम्ही तिचा शब्द घेतला आणि अर्थ मात्र आमचा घातला.

ठाण्यात येऊन फौजदाराला हे सांगितले. त्याने फाइल उघडली आणि पंचनाम्यातली एक ओळ माझ्यापुढे ठेवली. फ्रिजच्या मागच्या नळ्यांवर त्याला पिवळी भुकटी चिकटलेली दिसली होती. ती गंधकाची किंवा फवारणीच्या पावडरीची असावी असे समजून त्याने तिचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला होता. स्वतःच्या अटकेला तडा जाईल अशी ओळ त्याने स्वतः शोधून माझ्यासमोर ठेवली. चांगला अधिकारी मी अशाच वेळी ओळखतो.

यवतमाळच्या तंत्रनिकेतनात यंत्रे शिकवणारे एक अध्यापक माझ्या परिचयाचे होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि एका कागदावर नळीचे चित्र काढले. ते जे म्हणाले ते वाचकांसाठी सोप्या शब्दांत देतो, कारण असे फ्रिज अजूनही वापरात आहेत.

आपल्या घरच्या फ्रिजमध्ये वीज एक पंप चालवते. या जातीच्या फ्रिजला पंप नसतो. तळाशी एक लहान ज्योत असते. ती नळीतले अमोनियाचे पाणी तापवते, वाफ वर जाते, तिथे गार होते, आणि मग तो सारा द्रव केवळ उतारामुळे, आपल्या वजनाने, पुन्हा खाली ज्योतीकडे येतो. नळीत हायड्रोजन वायूही भरलेला असतो, आणि नळी आतून गंजू नये म्हणून एक पिवळे रसायन घातलेले असते. हा सगळा खेळ फ्रिज सरळ, पाणसळीत उभा असण्यावर अवलंबून आहे. फ्रिज कलता उभा राहिला आणि ज्योत चालू राहिली, तर द्रव मध्येच अडून बसतो, तळाची नळी कोरडी पडते आणि ज्योत रिकामी नळी भाजत बसते. एका दिवसात काही होत नाही. अनेक दिवस असेच चालले तर नळीला बारीक तडा जातो. मग फ्रिज कमी थंड करू लागतो, मागे पिवळी भुकटी दिसते, अमोनियाचा झोंबरा वास येतो, आणि शेवटी सुटलेला हायड्रोजन त्याच ज्योतीवर पेट घेतो.

“फ्रिज कमी थंड होत होता का, हे विचारा,” अध्यापक म्हणाले. “आणि गाडी कशी उभी राहायची, तेही.”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरबाईंनी लगेच दिले. मागचे काही आठवडे फ्रिज नीट थंड करत नव्हता, म्हणून ज्योत मोठी करून ठेवली होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फौजदाराला पाठ होते. सांगाडा शाळेकडून नाल्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर उभा होता, तोंड खाली, आणि पुढच्या चाकाला मोठा दगड लावलेला. गाडी नेहमी तिथेच लागे. का, हे सांगणारा माणूस एकच होता.

मिस्त्रीची कोठडी संपण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला ड्रायव्हरला भेटू दिले. दोन्ही हात पट्ट्यांत, उशांवर ठेवलेले. चेहरा काळवंडलेला, पण डोळे स्वच्छ. त्याने आधी सलाईनवाल्या बाईची चौकशी केली, मग इंजेक्शनांची. ती सगळी कामास आली का, हे त्याला जाणून घ्यायचे होते. आली, असे मी सांगितले. मग मी मिस्त्रीच्या अटकेची गोष्ट सांगितली.

“मिस्त्रीले कायले धरलं जी?” तो उठायला धडपडला. “डबकीत तं बॅटरीचं पाणी होतं. मीच आणाले सांगितलं होतं. बॅटरी पार बसली होती ना गाडीची.”

गाडी उतारावर का लावत होतास, असे मी विचारले. प्रश्नाचा गाडी जळण्याशी काय संबंध, हे त्याला कळले नाही. तो सहज, थोड्या अभिमानानेच बोलू लागला. बॅटरी बसली होती, स्टार्टर मारला की नुसती कुरकुर. संस्थेला खर्चात कशाला पाडायचे? म्हणून तो प्रत्येक गावात उतार हेरून ठेवी. गाडी तोंड खाली करून लावायची, चाकाला दगड द्यायचा, निघताना दगड काढायचा, गाडी सुटली की गिअर टाकायचा आणि इंजीन सुरू. वर्षभर तो असेच करत होता. त्यामुळे कोणत्याही गावात रुग्णांना थांबावे लागले नाही, हे तो आवर्जून म्हणाला. ते खरे होते. ही युक्ती आमच्याकडचे सगळे चांगले ड्रायव्हर करतात; माझा जीपवालाही करी.

मग मी त्याला अध्यापकांनी सांगितलेले सगळे समजावून सांगितले. कागदावरचे चित्रही दाखवले. त्याने मला चित्र आणखी जवळ धरायला सांगितले.

“म्हणजे मीच जाळली,” तो म्हणाला.

मी म्हटले, जाळली नाहीस. जळाली. आणि पुढे स्पष्ट सांगितले, कारण सांगणे माझे कर्तव्य होते, की उतारावर गाडी लावण्याची सवय तू जबाबात सांगितलीस तर तुझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येऊ शकतो, नोकरीही जाऊ शकते. हवा तितका विचार कर.

त्याने विचार केला नाही. “लिहा साहेब. डबकी पाण्याची होती, अन् गाडी मी उतारावर लावत होतो. दोन्ही लिहा.” फौजदाराने लिहून घेतले. मग ड्रायव्हरने आपल्या पट्ट्यांकडे पाहून विचारले, “सही कशी करू जी?”

तपासातल्या अशा जबाबावर कायद्याने सही घेत नाहीत, असे मी सांगितले.

“मंग लोकाईले कसं समजन का हे मी सांगितलं म्हणून?”

याचे उत्तर त्यानेच पुढे दिले. हात बरे झाल्यावर पहिल्याच बाजाराला तो मिस्त्रीला घेऊन त्या पानठेल्यासमोर उभा राहिला, आणि जिथे ‘जलेगी’ हा शब्द बोलला गेला होता तिथेच, तितक्याच लोकांदेखत, त्याने गाडी कशी जळाली ते सांगितले. मिस्त्री मध्येच म्हणाला की गॅसच्या नळीचा अंदाज त्याचाही चुकलाच होता. लोक हसले, पानवाल्याने दोघांना पान लावून दिले, आणि मिस्त्रीचे गॅरेज पुन्हा चालू लागले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पुरावा अपुरा असल्याने मिस्त्रीला आम्ही मुदत संपण्याआधीच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ प्रमाणे सोडले. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला; नमुन्यात रॉकेल नव्हते, कीटकनाशक नव्हते, ते पिवळे रसायन मात्र होते. गुन्ह्यात ‘क समरी’ मंजूर झाली, म्हणजे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता, असे न्यायालयाने मानले. फ्रिज सरळ ठेवावा लागतो हे ड्रायव्हरला कोणीही कधी सांगितले नव्हते, म्हणून त्याच्याविरुद्ध कारवाई झाली नाही. व्यवस्थापक त्याला काढणार होते; डॉक्टरबाईंनी सांगितले की तो नसेल तर त्याही नसतील.

पुढे मी प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांना शिकवू लागलो, तेव्हा हे प्रकरण हमखास सांगत असे. साक्षीदाराचा शब्द त्याच्याच तोंडून उलगडून घ्यावा, एवढे तर त्यात होतेच. पण त्याहून मला हे सांगायचे असे की आग लागली ती एका चांगल्या सवयीमुळे, आणि तपास करताना आपण केवळ वाईट सवयी शोधत असतो. त्याहूनही महत्त्वाचे, एक निर्दोष माणूस सुटला तो आमच्या हुशारीने अर्धाच. उरलेला अर्धा, ज्याचे नुकसान होणार होते त्याने ‘लिहा’ म्हटल्याने.

बदली होऊन गेल्यावर एकदा बंदोबस्ताच्या निमित्ताने मी त्या गावावरून जात होतो. बाजाराचा दिवस होता. संस्थेला तशीच दुसरी गाडी मिळाली होती, तीही वापरलेली, आणि ती ग्रामपंचायतीसमोरच्या सपाट जागेवर उभी होती. मी आत डोकावलो. फ्रिजच्या माथ्यावर गवंड्याची लहान पाणसळ पक्की बसवलेली होती, मिस्त्रीचे काम. गाडी लावली की ड्रायव्हर आधी तिचा बुडबुडा पाही, चाकाखाली फळी सरकवी, आणि बुडबुडा मध्ये आला की मगच ज्योत पेटवी. हातांची कातडी आखडलेली होती, पण कामात अडत नव्हती.

दवाखाना आटोपला. त्याने स्टार्टर मारला. कुरकुर झाली आणि थांबली. मला हसू आले. एवढ्यात बाजारातून मिस्त्री बाह्या सारत आला.

“भाऊ, नई बॅटरी ले ले अब.”

“घेतो ना. पण मंग तू बाजाराले येशीन काय?”

मिस्त्रीने गाडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात टेकले आणि मग मला पाहिले. सलाम केला, पण दुसरा हात गाडीवरून काढला नाही. “साहेब, अब आए हो तो हात लगाओ.”

मी टोपी काढून शिपायाजवळ दिली आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. मिरच्यांच्या पोत्यावरून म्हातारी ओरडली, “जोर लावा जी, ठाणेदार!” गाडी सपाटीवर होती. जोर बराच लागला.